तिने असला सिनेमा पाहिलाच नसता

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर राहू द्या, मला कुणाला पटवायचं नाही. मी सोफे बनवतो आणि दुरुस्त करतो. मला फोम कापता येतो, गोष्टी रचता येत नाहीत. जसं झालं तसं लिहितोय.

झालं ते माझ्याच घरात. दुसरा मजला, रस्त्याकडची खोली. समोर टीव्ही, टीव्हीपुढे मी स्वतःच्या हाताने बनवलेला तिघांचा सोफा. आणि सगळ्याचा निकाल लागला तो एका रविवारी, दिवे लावायच्या वेळेला.

आधी बायकोबद्दल सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ती तक्रारी ऐकायच्या कामावर होती. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांची रडगाणी. पाणी आलं नाही, वीज गेली, बिल जास्त आलं. घरी आली की सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची, मी उजव्या कोपऱ्यात, आणि हुकूम सोडायची.

"छोटा शोधा. मारामारीचा."

"हा बघ. चांगला आहे म्हणतात. बक्षीसं मिळालीत."

"किती लांब?"

"पावणेतीन तास."

"पावणेतीन तासांत माणसाचं लग्न लागून मोडतं. पुढचा बघा."

"हा दोन तासांचा. यात शेवटी आई मरते."

"दिवसभर पगार घेऊन रडणं ऐकते. आता घरी पैसे भरून ऐकू का?"

तिचा नियम सोपा होता. सिनेमा तास-सव्वा तासाचा, फार तर दीड. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी कुणाला तरी हाणलं पाहिजे. नाही हाणलं की बदला. कधी कधी शोधण्यातच सिनेमाएवढा वेळ जायचा. मी वैतागायचो, ती हसायची. पण एकदा मनासारखा सापडला, की तिचा दिवसभराचा शीण उतरायचा. पडद्यावर ट्रक काच फोडून दुकानात घुसायचा आणि ही शांतपणे म्हणायची, "आता ही काच कोण झाडणार?"

मग ती गेली. सकाळी छातीत कळ आली. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता उभे राहिले.

तेवढंच. त्यावर जास्त लिहिणार नाही.

मुलगी काही दिवस राहिली आणि तिच्या नोकरीच्या गावी परत गेली. घरात मी एकटा. एका संध्याकाळी टीव्ही लावला. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून बोललो, "छोटे, मारधाडीचे सिनेमे."

चित्रांची रांग आली. त्यातलं एक निवडलं. पळणारा माणूस, मागे आग. वेळ सव्वा तास. म्हटलं, हिला आवडला असता.

सुरू केला.

आग आली नाही...

एक खोली आली.

रिकामी खोली. एक खिडकी, तिचा पडदा मंद हलतोय. एक बंद दार. बस्स. ना संगीत, ना माणूस. मला वाटलं, सुरुवात असेल. आता कुणीतरी दार तोडून आत येईल.

कुणी आलं नाही.

पण येईल असं वाटत राहिलं. आता येईल. आत्ता येईल. मी बघत बसलो.

आणि मग...

माझ्या शेजारची गादी दबली.

हा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. माणूस बसला की फोम आतली हवा सोडतो. सुस्कारा टाकल्यासारखा. खालचे पट्टे किंचित करकरतात. तो आवाज माझ्या अगदी बाजूला आला.

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो.

मी नाही घाबरलो. मला रडू फुटलं. मी म्हणालो, "आलीस?"

उत्तर आलं नाही. पण गादी दबलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशीही मी बसलो. तिसऱ्या दिवशीही. दुकान उघडणं बंद झालं. लोकांच्या खुर्च्या तशाच उघड्यावाघड्या पडून राहिल्या. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात?" मी म्हणायचो, हो. नळ सुरू राहिला तर उठून बंद करायचाही कंटाळा. कंबरेचा पट्टा सैल होत गेला. टीव्ही लावला की तीच खोली, तोच पडदा, तेच दार. कुठलंही चित्र निवडा, शेवटी तीच खोली. आणि बाजूला तो सुस्कारा.

मला वाटायचं, चला, दोघं बसलोय.

मग एकदा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, बस चालवतो. बोलायला फटकळ, मनाने सोनं.

"दाजी, आरशात बघितलंत का? दाढी बघून मला वाटलं, चुकीच्या घरात शिरलो."

"बस. चहा टाकतो."

"तुम्ही कसला टाकताय, उठवत तरी आहे का तुम्हाला? मीच टाकतो."

तो चहा घेऊन आला आणि टीव्हीकडे बघत उभाच राहिला. बराच वेळ. हातातला चहा तसाच.

"हा कसला सिनेमा, दाजी? कुणी येणारे का त्या दारातून?"

"येईल."

"कोण?"

मी टीव्हीकडेच बघत राहिलो. त्याने मान झटकली, मुद्दाम टीव्हीकडे पाठ केली आणि माझ्या शेजारी बसायला गेला. बसला न बसला तोच उठला. चहा त्याच्या शर्टावर.

"काय झालं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "सीट गरम आहे."

"मग?"

"दाजी, दिवसभर मी लोकांना सीटवर बसताना-उठताना बघतो. सीट गरम कधी लागते? कुणी नुकतं उठून गेलं की."

"इथून कुणी उठलेलं नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्याने त्याच्या घरी चला म्हणून खूप आग्रह केला. मी गेलो नाही. तो गेल्यावर मात्र डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. सकाळी, उजेडात, मी सोफ्याकडे कारागिराच्या नजरेने बघितलं. इतके दिवस नवऱ्याच्या नजरेने बघत होतो.

मधली गादी पार बसली होती. मधोमध, रुंद, खोल. खालच्या लाकडापर्यंत. जड माणूस पाय पसरून बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, तशी.

आणि डावा कोपरा... तिचा कोपरा...

फुगलेला. कोरा. तिथे कुणीही बसलं नव्हतं.

माझी बायको हलकी होती. ती मधे कधी बसली नाही. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. इतके दिवस त्या सिनेमात कुणी कुणाला साधी चापट मारली नव्हती. ती असती तर दहाव्या मिनिटाला रिमोट हिसकावला असता.

म्हणजे माझ्या बाजूला जे बसत होतं, ते दुसरंच काहीतरी होतं. तिच्या नावावर फुकट बसलं होतं. आणि मला बसवून ठेवत होतं, कायमचं.

मला भीती नंतर वाटली. आधी संताप आला.

तो रविवार होता. दिवसभर थांबलो. दिवे लावायच्या वेळेला फोम कापायची सुरी मांडीवर ठेवली आणि मुलीला फोन लावला.

"मला एक सिनेमा शोधून दे. छोटा, मारामारीचा. इथे नीट सापडत नाहीये."

तिच्या आवाजात जरा जीव आला. "आईसारखा?"

"आईसारखा."

"थांबा हं. हा एक आहे, दोन तास दहा..."

"लांब आहे."

"हा दीड तासाचा. यात हिरोची प्रेयसी आजारी..."

"पुढचा."

"बाबा, तुम्ही अगदी आई झालात. हा घ्या. चालत्या ट्रेनमध्ये एक म्हातारा सगळ्यांना बडवतो. तास पाच मिनिटं."

"हां. हा लावतो. तू फोन ठेवू नकोस."

फोन स्पीकरवर ठेवला. सिनेमा लावला.

ट्रेन दिसली. एक क्षणभर.

मग... खोली.

पडदा हलत होता. माझ्या बाजूला गादी दबली. या वेळी इतकी, की मी तिच्याकडे कलंडलो. उठायला गेलो. पाय उठेनात.

"बाबा," फोनवरून मुलगी म्हणाली, "तुमच्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग श्वास कुणाचा येतोय?"

मी रिमोट दाबला. ट्रेन. पुन्हा खोली. पुन्हा दाबला. ट्रेन. खोली.

आणि तेव्हा पहिल्यांदाच त्या खोलीत आवाज झाला...

दाराबाहेर कुणीतरी चप्पल काढली. एक. मग जरा थांबून दुसरी. डाव्या पायातली नेहमी अडकायची तिची.

दाराची कडी हलली.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझा हात थांबला. एवढे दिवस ज्याच्यासाठी बसलो होतो ते आता होणार होतं. अजून फक्त जरा वेळ बसायचं होतं.

फोनवर मुलगी रडायला लागली होती. "बाबा, बोला ना. बाबा."

मला त्या रडण्याने जाग आली. माझं जिवंत माणूस फोनवर होतं आणि मी दाराकडे बघत होतो.

मी मोठ्याने म्हणालो, "मी तुझ्या आईला ओळखतो. ती दाराबाहेर ताटकळत नाही. ती आत येऊन आधी विचारते, हे काय लावलंय?"

आणि सुरी मधल्या गादीत खुपसली. पार खोळीपासून खालपर्यंत चिरत नेली. फोम कापला की भुसभुशीत लागतो. हा तसा लागला नाही. ओल्या मातीसारखा लागला, आणि गरम. मी थांबलो नाही. "माझ्या घरात," प्रत्येक घावाला म्हणत होतो, "माझ्या सोफ्यावर. माझ्या बायकोच्या नावाने."

आतून एक लांब सुस्कारा निघाला. माणसाचा इतका लांब नसतो.

पडद्यावरची कडी हलायची थांबली.

मग ट्रेन आली. म्हाताऱ्याने पहिल्याच गुंडाला खिडकीतून बाहेर फेकला. मी उभा राहून पूर्ण सिनेमा बघितला, हातात सुरी घेऊन. मुलगी फोनवर शेवटपर्यंत होती. मधेच म्हणाली, "बाबा, म्हातारा जिंकतोय का?" म्हटलं, "दणकून."

मेहुणा म्हणतो घर विका. मुलगी म्हणते माझ्याकडे या. मी दोघांनाही नाही म्हटलं. हे घर आम्ही दोघांनी उभं केलंय, मी कुणाच्या सुस्काऱ्याने ते सोडणार नाही. गादी नवी शिवली, चांगला कडक फोम भरला. दुकान रोज उघडतो.

सलतं ते एकच. ते दार उघडलं असतं तर कोण दिसलं असतं? चपलेचा आवाज तर तिचाच होता. हा विचार आला की मी कामाला लागतो, पण तो येतोच.

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. आज सकाळी जे झालं त्यामुळे लिहितोय.

आज सकाळी दुकानात एक बाई आल्या. पोस्टात काम करतात. टेम्पोत जुना सोफा घालून आणला होता. म्हणाल्या, "गादी बदलून द्या. माझी बहीण होती तोवर छान होता. ती गेल्यापासून ही मधली गादी वरच येत नाही."

मी गादीवर हात ठेवला.

गरम होती...

मी विचारलं, "संध्याकाळी टीव्ही बघता?"

त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं, कपडे अंगावर लोंबत होते. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं? फार छान लागतं हो काहीतरी. एक खोली आहे. अजून कुणी आलेलं नाही, पण..."

"पण येईल असं वाटतं."

त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, "बाई, सोफा तसाच घरी परत न्या, पण त्यावर बसू नका. संध्याकाळी मी तुमच्या घरी येतो, माझा मेहुणाही येईल. आल्यावर आमच्याकडचा एक सिनेमा सांगतो, तो लावायचा. तासाभराचा आहे. तुमची बहीण कुठे बसायची, तेवढं मला दाखवून ठेवा."

संध्याकाळ व्हायला आली आहे. मेहुण्याची बस खाली हॉर्न देतेय. सुरीला धार लावून झाली आहे.