जाळीवरचं तेल

होडीच्या इंजिनाला गार ठेवणारं समुद्राचं पाणी आत येईनासं झालं, तसं दाजी तांडेलांनी इंजिन बंद केलं. पाणी जिथून येतं त्या तोंडावरची जाळी सोडवली. ती राखाडी, बुळबुळीत लगद्याने गच्च भरली होती.

"हे तुमचंच पिल्लू, बाई," ते म्हणाले.

पिल्लू डॉ. हर्षदा तोरसकरांचंच होतं. फुटलेल्या जहाजाचं तेल खाण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत घडवलेले हे तैलभक्षी जीव. तेल मिळेल तोवर भराभर वाढायचे, तेल संपलं की उपाशी मरायचे. तसा शब्दच बाईंनी गावच्या बैठकीत दिला होता. जहाजाचं तेल तर उन्हाळ्यातच संपलं होतं.

"मग हे जगले कशावर?" बाईंनी विचारलं.

दाजींनी जाळीवर बोट फिरवून हुंगलं. "मुशी माशाच्या तेलावर. शिंपल्या धरू नयेत म्हणून आम्ही सगळेच जाळीला चोपडतो. बाप चोपडायचा, मीही चोपडतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. जगातली सगळी खनिज तेलं तपासली होती, मुशीचं तेवढं राहिलं होतं.

जाळी धुतली, लावली, पुन्हा तुंबली. एव्हाना पाण्याच्या ओढीने होडी खडकांकडे सरकत होती. बाईंना आता खरंच भीती वाटू लागली.

"उरलेलं तेल मागे पाण्यात ओता," त्या म्हणाल्या. "जिथे जास्त तेल, तिकडे ते धावतात."

दाजींनी डबा रिकामा केला. लगदा तिकडे वळला, जाळी मोकळी राहिली आणि खडक मागे पडले.

"एवढ्यावर थोडे वाढतील, मग मरतील," बाई म्हणाल्या. "पण आजपासून जाळीला तेल नाही."

"कबूल," म्हणत दाजींनी वायरलेस उचलला. मासेमारीवरची बंदी उठल्याचा पहिला दिवस, सगळ्या होड्या समुद्रावर. सापडलेला उपाय एकट्याने ठेवायचा नाही, ही इथली रीत. "जाळी तुंबली तर मागे तेल ओता रे. बाईंनीच सांगितलंय."

बाई "थांबा" म्हणेपर्यंत उत्तरं सुरू झाली होती.

"ओतलं, दाजी. चाललं इंजिन."

"आमचंही चाललं."

वायरलेसवरचा शेवटचा आवाज कृतज्ञतेने भरून आला होता.

"बाईंना सांगा, उपकार झाले. उद्यापासून प्रत्येक होडीवर तेलाचा एक डबा जास्तीचा ठेवू."