तळ्यातली ओ

पार्थ, तो मोबाइल बंद कर आधी. बेडकाचा आवाज वाजवतोय म्हणे! आणि भाविका, तू दात काढू नको. टॉवरची लाइट गेली, लिफ्ट बंद पडली, म्हणून आलात ना आजोबाच्या ओट्यावर? एरवी तुमाला गावठाणात वास येतो. बसा गप. सांगतो ते खरं आहे. अर्धं माझ्या कानांनी ऐकलेलं, अर्धं त्या निशांतनं रडत रडत सांगितलेलं.

निशांत म्हणजे माझा भाडेकरू. वरच्या खोलीत तो आणि त्याची आई. नोकरी कसली, तर पर्यावरणाची! बिल्डरला जागा हवी असली की ह्यानं जायचं, झाडं, पक्षी, बेडूक मोजायचे आणि बिल्डरला आवडेल तेवढंच लिहायचं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पायात गमबूट, आणि रुबाब असा की कलेक्टर परवडला.

आई मात्र सोन्यासारखी. सुचित्राबाई, देवरुखकडची. साखरेनं दोन्ही डोळे गेलेले. दिवसभर आतून कडी लावून बसायची. मी घरमालक, पण माझ्या हाकेला पण दार उघडायची नाय. पोरगा जिन्यात येऊन "आई, मी" म्हणाला की आतून आवाज यायचा, "आले रे, थांब, कडी काढते." रोज हेच. पोरगा म्हणजे तिच्यासाठी तो आवाज. दुसरं काय उरलं होतं तिच्याकडे?

तर काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैची तेवीस तारीख, मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काय नव्हती, उलट पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले. पाऊस पण थांबलेला. निशांत संध्याकाळी निघाला, आपल्या मागच्या तळ्यावर. तेव्हा तळं होतं तिथं.

जाताना इथंच, ह्या ओट्यावर बसून बूट चढवत मला अक्कल शिकवली. "काका, प्रत्येक जातीच्या बेडकाची हाक वेगळी. एकानं हाक दिली की त्याच जातीचा ओ देतो, दुसरा ढुंकून बघत नाही. शेजाऱ्याचा आवाज पण ओळखतात ते. ओळखीचा असला तर चालवून घेतात. परका आला, की अंगावर जातात."

मी म्हटलं, "शहाण्या, हे आमाला शाळेत न जाता ठाऊक आहे. तू लिहिणार काय ते सांग."

"लिहिणार, बेडूक आढळले नाहीत." आणि हसला. "अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग जोडायला लागतं. तेवढा वेळ गप्प बसवतो त्यांना. बेडूक काय तक्रार करायला येणारेत?"

ही ह्याची विद्या! पंधरा वर्षं शिकून कशासाठी, तर बेडकांचं तोंड दाबायला.

तळं त्या रात्री नुसतं गर्जत होतं. इथपर्यंत ऐकू येत होतं, किलोमीटरभर. ह्यानं काय करावं? एक पत्र्याचा डबा घेतला, लोखंडी सळई घेतली आणि बडवत तळ्याभोवती फिरला. पाण्यात दगड मारले. बेडूक गप्प झाले. मग काठावर उभा राहून ओरडला, "बोला की आता! आहे का कोणी? नाही ना? मग नाही असंच लिहितो!"

कोणी ओ दिली नाही.

बरोबर साडेआठला त्यानं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तोंड मिटून उभा राहिला. त्याला वाटलं, पाच मिनिटांत एखादा सुरू होईल, परत डबा वाजवून रेकॉर्डिंग नव्यानं करायला लागेल. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एक आवाज नाही. किडा नाही, डास नाही. टॉर्च फिरवला, तर पाण्यावर डोळेच डोळे. सगळे त्याच्याकडे वळलेले. हलत नव्हते.

मूर्ख खूश झाला. म्हणे, नशीब!

इकडे मी खाली बातम्या बघत होतो. आठ एक्कावन्नला जिन्यात पाऊल वाजलं. वेळ लक्षात आहे, टीव्हीच्या कोपऱ्यात दिसत होती. "आई, मी." निशांतचाच आवाज. वरून सुचित्राबाई म्हणाली, "आले रे, थांब, कडी काढते." कडी निघाली. दार लागलं. मी मनात म्हटलं, आला वाटतं कामचोर लवकर.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फाटक वाजलं. बघतो तर निशांत. गमबूट, सॅक, गुडघ्यापर्यंत चिखल.

मी उठेपर्यंत तो सरळ जिना चढला. "आई, मी."

कडी वाजली नाही.

"आई... मी आलोय."

"कोण?"

"अगं, मी! निशांत!"

मग आतून... "निशांत केव्हाच आलाय. जेवायला बसलाय. तुम्ही कोण?"

मी धावत वर गेलो. सत्तरीचा माणूस, दोन-दोन पायऱ्या चढलो. "सुचित्राबाई, मी सीताराम. दार उघडा."

मला ती कधीच उघडायची नाय, सांगितलं ना. त्या रात्री ती आत वळली. आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. कोणाला तरी विचारत होती, "उघडू का रे?"

थांबली. ऐकत होती.

"बरं," म्हणाली.

कडी निघाली.

खोलीत कोणी नव्हतं. खिडकीला गज. पाट मांडलेला. समोर ताट. भात अर्धा संपलेला... वाफ येत होती अजून.

निशांतनं तिचे पाय धरले. तिचा हात उचलून स्वतःच्या तोंडावरून फिरवला. "आई, बघ ना, मी गं." तिनं चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटी. मग हात काढून घेतला. "चेहरा त्याच्यासारखा आहे हो," मला म्हणाली, "पण हा आवाज माझ्या पोराचा नाही. ह्यांना खाली न्या. मला भीती वाटते."

पोरांनो, तोपर्यंत मला त्याचा तिटकाराच होता. तेव्हा मात्र दया आली मला त्याची.

किती वेळ, विचाराल? क्षणभरच. कारण पठ्ठ्यानं दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट दिलाच! बेडूक आढळले नाहीत. सोबत रेकॉर्डिंग. साहेबानं थोडं ऐकलं, पुढे ढकललं, सही केली. तळं बुजवलं. तुमचा टॉवर उभा आहे तो तिथंच. असे चेहरे करू नका, तुमच्या बापाला सांगितलं होतं मी, तर म्हणाला, काका, व्ह्यू चांगला आहे.

निशांत आता दिघ्याला राहतो. म्हातारी वरच आहे. माझी सून तिचं सगळं बघते. रविवारी निशांत येतो, आईजवळ बसतो. ती त्याला पाहुण्यासारखा चहा देते. म्हणते, "बसा. निशांत येईलच इतक्यात." हा मान खाली घालून चहा पितो. बरं झालं म्हणावं, तर तोंडातून निघत नाही, आणि अरेरे म्हणावं, तर ते पण निघत नाही.

मागच्या महिन्यात त्यानं मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. सबंध. रिपोर्ट दिला तेव्हा त्यानं स्वतःपण ऐकलं नव्हतं. सुरुवातीपासून नुसती शांतता, काठावर त्यानं त्या रात्री ऐकली तशीच. बेडूक नाही, वारा नाही. "आई, मी" अशी हाक पण कुठं नाही.

एकविसाव्या मिनिटाला, म्हणजे बरोबर आठ एक्कावन्नला, सुचित्राबाई बोलते. तळ्याच्या काठावर, मोबाइलच्या अगदी जवळून.

"आले रे, थांब, कडी काढते."