भिंतीलगतची जागा

१९९८च्या जानेवारीत नाशिकमधल्या एका जुन्या तुरुंगाची फरशी बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर. इंग्रजांच्या काळातली दगडी बराक, उंचावर गजांच्या खिडक्या. चाळीस माणसांसाठी बांधलेल्या त्या जागेत एकशे दहा कैदी खांद्याला खांदा लावून झोपायचे. नवा आलेला भिका संडासाच्या दाराशी ओल्या फरशीवर पडायचा आणि खोकत राहायचा.

मापं घेताना भिंतीलगत गुंडाळून ठेवलेल्या घोंगड्यांच्या रांगेत मला एक खंड दिसला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. तिथला दगड झिजून गुळगुळीत झाला होता. मी हात टेकवला. बाकीच्या फरशीने बोटं बधिर होत होती. ही मात्र कोमट होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

खालून गरम पाण्याचा नळ जात असेल, असं वाटलं. नकाशात नळ नव्हता. फरशी उखडली तर खाली कोरडा मुरूम निघाला.

शेजारी गोटीराम झोपायचा. पेठ तालुक्याकडचा म्हातारा, जन्मठेपेची सोळा वर्षं काढलेला. एवढ्या दाटीत ही जागा रिकामी का, असं मी त्याला विचारलं.

"मोकळी नाय ती, साहेब."

कोणाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो आला तेव्हाही ती तशीच सोडलेली होती. जुन्या कैद्यांनी त्याला एवढंच बजावलं होतं, की झोपेत तिकडे पाय पसरायचे नाहीत.

नवी शहाबादी फरशी बसली. मीच जेलरसाहेबांना सांगून ती जागा भिकाला मिळवून दिली. चांगलं काम केल्याचं समाधान वाटलं. गोटीरामने फक्त आपली घोंगडी त्या जागेपासून आणखी अलीकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिका अंगणात उन्हात बाकड्यावर बसला होता. खोकला थांबला होता. झोप लागली का, असं मी विचारलं.

"लय लागली. ऊब व्हती."

"त्रास?"

"नाय. ते सरकले थोडं."

मी बाकड्याकडे पाहिलं.

सहा जण बसतील एवढं बाकडं, सगळं रिकामं. भिका मात्र एका टोकाला अंग चोरून बसला होता.

मी त्याच्या शेजारी टेकणार, तोच त्याने हळूच हात आडवा केला.

"पलीकडून बसा, साहेब."