तुडवलेला चिखल

निवृत्त झाल्यावर नवऱ्याला शेतावर राहायची हौस आली आणि तिच्या कपाळी हातपंप आला. विजेची तार शेतापर्यंत पोचतच नव्हती. घरात दोन दिवे आणि एक रेडिओ चालायचा तो छपरावरच्या सोलर पॅनलवर, आणि तेही पॅनल रोज ओल्या फडक्याने पुसलं तर. पुसायचं कुणी? तिनेच. शेळ्यांचं दूध, कोंबड्यांचं खुराडं, पाण्याची पिंपं, एवढं उरकलं की तिची खरी नोकरी सुरू व्हायची. नवरा पाहुण्यांसाठी मातीची खोली बांधत होता. कोणते पाहुणे, हे विचारायची सोय नव्हती. या आडरानात त्यांच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नसे.

खड्ड्यात माती, भुसा आणि पाणी घालून तिने चिखल पायांनी तुडवायचा आणि त्याचे गोळे करून द्यायचे. नवरा ते भिंतीवर थापायचा. "पातळ झालाय," नाहीतर "घट्ट झालाय," एवढंच दिवसभराचं बोलणं. चौकशीचा एक शब्द म्हणून त्याच्या तोंडून निघत नसे. भिंत छातीपर्यंत आली तोवर तिचा जीव मेटाकुटीला आला. येत्या सोमवारी दूधवाल्याच्या गाडीतून धाकट्या बहिणीकडे निघून जायचं, ते कायमचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या सकाळी खड्ड्याशी गेली तर चिखल तुडवून तयार! मऊसूत, आणि वाळू नये म्हणून वर ओलं गोणपाट नीट पांघरलेलं. पुढच्या सकाळी पिंपं भरलेली. मग पॅनलही पुसलेलं, कानाकोपऱ्यासकट.

ती हरखली. दगडाला पाझर फुटला म्हणायचा! तोंडाने बोलायला जड जातं, म्हणून उजाडायच्या आत उठून राबतोय बिचारा. त्याच्या चहात तिच्या हातून साखर जरा जास्त पडू लागली. तोही निवळला होता, थापता थापता गुणगुणत होता. सोमवारी दूधवाल्याची गाडी आली आणि तिला न घेताच गेली.

शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, एवढ्या पहाटे उठून नका करू. कंबर धरेल."

"मी? मी काय केलं?"

"चिखल, पाणी. सगळंच."

तो हसला. "अगं, ते तूच करतेस की! म्हटलं, हिने खोलीचं अगदी मनावर घेतलेलं दिसतंय."

ती खड्ड्याशी गेली. गोणपाट उचललं.

चिखलात पावलं उमटली होती. तिने शेजारी आपला पाय ठेवून पाहिला. माप तंतोतंत तिचंच. पण तिच्या टाचा इथे आल्यापासून भेगांनी फाटल्या होत्या. या टाचा गुळगुळीत होत्या.

"इथे कुणीतरी येतंय," ती त्याला खड्ड्याशी ओढून आणत म्हणाली. "चला, जाऊ या इथून. दोघंही."

त्याने पावलं पाहिली. खांदे उडवले. "कामं होतायत ना? मग तुझं काय बिघडलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण राबतंय याच्याशी या माणसाला कधी कर्तव्यच नव्हतं. ती राबत होती तेव्हाही नाही. तिने हाताला लागले ते कपडे पिशवीत कोंबले आणि निघाली. त्याने पुढचा गोळा भिंतीवर थापला.

भिंतीसमोरच्याच फाटकाशी दूधवाल्याच्या गाडीची वाट बघताना तिने एकदाच मागे पाहिलं. मन वेडं असतं.

नवरा काम थांबवून भिंतीशी बसला होता. पायातून उरलेल्या विटांच्या ढिगावर आडव्या टाकलेल्या फळीच्या एका टोकाला. त्याच्या वजनाने फळीचं दुसरं टोक वर उचललं गेलं होतं.

तो तिच्याकडे बघत नव्हता.

"किती राबशील?" तो म्हणाला. इतका मऊ आवाज तिने उभ्या संसारात ऐकला नव्हता. "बस जरा."

फळीचं वरचं टोक हळूहळू खाली आलं, आणि नवरा बसल्या जागी चार बोटं वर उचलला गेला.