भोपळ्याला कलेजी नको

राहनाळच्या गोडाऊनसमोर भोपळ्या माझ्या स्कुटीखाली येता येता वाचला. चार महिन्यांचं काळं, गुबगुबीत पिल्लू. मागून त्याचा मालक हातात बिस्किट घेऊन धावत आला आणि मी त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. पलीकडे कंटेनर रिव्हर्स घेतायत आणि हे साहेब कुत्र्याला मोकळं सोडतात! तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, मॅडम, हाक मारली तर येतच न्हाय तो... इतके सुंदर डोळे असलेल्या माणसाने एवढं बापुडं दिसू नये. माझा राग तिथेच पातळ झाला. अर्थात हे मी त्याला कळू दिलं नाही.

मी रिया. टेमघरला जनावरांच्या दवाखान्यात असिस्टंट. त्या शुक्रवारी कुणाच्या तरी म्हशीचं औषध पोचवायला गेले होते. त्याचं नाव दीपेश. गोडाऊन त्याच्या वडिलांचं, पंढरीशेठचं. आधी तिथे त्यांची भातशेती होती. शेठनी बजावलं होतं, पुढच्या रविवारपर्यंत पिल्लू हाकेला आलं नाही तर पडघ्याला कुणालातरी देऊन टाकायचं. आपल्या दारात चाकाखाली गेलेलं बघवणार नाही. मी शिकवते, म्हणाले. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

बिस्किट पहिल्याच दिवशी बंद केलं. बक्षीस हरभऱ्याएवढं हवं, मऊ हवं आणि वासाचं हवं. चघळत बसला तर शिकणार कधी? मी पनीर नेलं, उकडलेलं अंडं नेलं, शेवटी बिनमिठाची कोंबडीची कलेजी नेली. दोन तळव्यांवर दोन पदार्थ ठेवायचे आणि पिल्लू कशाकडे धावतं ते बघायचं. भोपळ्या दोन्ही तळवे हुंगायचा आणि सभ्यपणे पाठ फिरवायचा. कलेजीला नको म्हणणारं कुत्रं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला नको तर मला द्या की, दीपेश म्हणायचा. तुम्ही आधी हाकेला यायला शिका, मी म्हणायचे... आणि तो असा काही हसायचा, की मलाच काय शिकवायचंय ते आठवायचं नाही.

बुधवारी दवाखान्यात त्याचं पुन्हा वजन केलं. पाच दिवसांत सव्वा किलो वाढलेलं! आमच्या हातून तर तो घासही घेत नव्हता, वाटीतला दहीभातही तसाच राहत होता. म्हणजे चोरून कोणीतरी भरवतंय. हमाल नाही म्हणाले. वॉचमन म्हणाला, कसम से, मैं नहीं. दीपेश मात्र खाली बसून भोपळ्याचे कान खाजवत राहिला.

गुरुवारी सगळे जेवायला गेल्यावर आम्ही दोघं खोक्यांच्या थप्पीमागे लपलो. जागा इतकी अरुंद, की त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता — खरं सांगते, मी भोपळ्याला विसरत चालले होते. वर पत्रा तापला होता, पंखे बंद होते, तरी एकाएकी गार वाटायला लागलं. भोपळ्या उठला, कोपऱ्यातल्या खांबाजवळ गेला आणि बसला. कुणी न सांगता, ताठ, शहाण्यासारखा. मान वर करून तो कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत होता. तिथे कुणी नव्हतं. मग त्याने पंजा पुढे केला आणि तो पंजा तसाच हवेत राहिला, कुणीतरी हातात धरल्यासारखा. नंतर त्याने तोंड पुढे करून काहीतरी अलगद घेतलं... आणि चावलं. चावल्याचा कुरकुरीत आवाज आला. भाजलेल्या बोंबलाचा वास माझ्यापर्यंत पोचला.

मी दीपेशचा हात कधी धरला, आठवत नाही. तो घाबरला नव्हता. मला त्या न घाबरण्याचीच जास्त भीती वाटली.

"आजा हाय माझा," तो कुजबुजला.

महादू आजोबा गेल्या वर्षी वारले होते. शेती होती तेव्हा याच कोपऱ्यात त्यांची खोपी होती. बोंबील भाजायचे, एक तुकडा नातवाला, एक कुत्र्याला. ते गेले तेव्हा दीपेश बाहेरगावी होता. भेट राहिली ती राहिलीच. पिल्लू आल्यापासून हा वास यायला लागला, आणि तेव्हापासून दीपेश रोज दुपारी गोडाऊन रिकामं झालं की खांबापाशी येऊन बसत होता. हे माहीत असून मला आठवडाभर कलेजी शिजवायला लावलीत, असं मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही यायचंच थांबवलं असतं.

मला भीती वाटत होती, राग येत होता, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. पण काम ते काम. बक्षीस हाक मारणाऱ्याच्याच हातून मिळायला हवं, मी म्हणाले. फुकट भरवणारं कुणी असेल तर पिल्लू हाकेला कशाला येईल? आजोबांना थांबायला सांगावं लागेल. त्याचा चेहरा पडला. थांबायला सांगायचं म्हणजे जायला सांगायचं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

शुक्रवारी त्याला आजोबांना ते सांगवलं नाही. शनिवारी भोपळ्या उघड्या शटरमधून थेट रस्त्यावर गेला. दीपेश जीव तोडून हाका मारत राहिला. पिल्लाने मान वळवली नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. दीपेश त्याला छातीशी धरून आत आला आणि खांबासमोर उभा राहिला.

"आजा, मरंल रं हा. माझ्या हाकेला आला न्हाय तर मरंल. नको भरवू त्याला. तू... जा आता."

वास हळूहळू विरला. भोपळ्या खांबाभोवती हुंगत फिरला, केविलवाणं कुंईकुंई करत राहिला. मी घरून बोंबील आणला होता, रात्रभर भिजवून खारटपणा काढलेला आणि भाजलेला. तो दीपेशच्या तळव्यावर ठेवला. गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने हाक मारली. तिसऱ्या हाकेला भोपळ्या कान उडवत धावत आला आणि त्याच्या तळव्यावरचं खाऊ लागला. दीपेश फरशीवर बसून ढसाढसा रडला.

रविवारी शेठसमोर तो दर हाकेला आला. राहू दे, शेठ म्हणाले. माझं काम संपलं. मी स्कुटीला किल्ली लावली, तसा दीपेश समोर येऊन उभा राहिला.

"रिया, आता इथं लई रिकामं हाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. "मला तू पायजेस."

मी लाजले वगैरे नाही. मलाही तू हवा आहेस, म्हणाले, पहिल्या दिवसापासून. आणि किल्ली काढून घेतली.

एक गोष्ट मात्र त्याला अजून सांगितलेली नाही. शनिवारी तो "जा आता" म्हणाला, तेव्हा माझ्या अगदी कानाशी एक म्हातारा आवाज म्हणाला होता, "बरं, पोरा." दीपेशला तो ऐकू आला नाही. सांगितलं, तर तो पुन्हा हाक मारील. आणि त्याची हाक आली तर आजोबा येतील, याची मला खात्री आहे. म्हणून मी गप्प आहे.