डाव्या कोपऱ्यातला सेन्सर

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. रविवार होता, ऊन रणरणत होतं आणि आम्ही आईच्या घरी गाडीचे मागचे सेन्सर बदलत होतो. यात घाबरण्यासारखं काय आहे असं वाटत असेल, तर खुशाल हसा. मीही कित्येक महिने हसतच होते.

यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. माझा मामेभाऊ साक्षीला आहे. तो मात्र या विषयावर तोंड उघडत नाही, आणि तो गप्प बसणाऱ्यातला अजिबात नाही.

बाबांची एक सवय होती. गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे हवं. घरी आलं की फाटकातून गाडी उलटी आत घ्यायची, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. "वेळ काय सांगून येते? निघायचं झालं तर गाडी फिरवत बसायची का?" असं त्यांचं म्हणणं.

मी गाडी चालवत असले की ते उतरून मागे डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे, दाराच्या पायरीजवळ.

"येऊ दे… येऊ दे… येऊ दे… बस!"

आणि डिकीवर एक थाप. गाडीला सेन्सर होते, पण यंत्रापेक्षा स्वतःच्या हातावर त्यांचा जास्त विश्वास होता.

बाबा गेले. गाडी आईकडेच राहिली. दर रविवारी मी जायची, आईला गाडीत घालून बाजारहाट करून आणायची. रिव्हर्स म्हटलं की माझी पाचावर धारण बसते, त्यामुळे बाहेर मी गाडी अशीच लावते की मागे घ्यावी लागू नये. घरी मात्र बाबांची शिस्त मोडवेना. आईला आधी उतरवायचं आणि मग गाडी उलटी आत.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी गाडी मागे घेत होते.

बीप… बीप… बीप-बीप-बीप…

मग एकसलग आवाज. समोरच्या छोट्या डिस्प्लेवर डावा कोपरा लाल.

मी ब्रेक दाबला. उतरून मागे गेले.

कुणीच नव्हतं.

पायरी होती, पण ती कितीतरी मागे. आणि पायरीला बघून सेन्सर याआधी कधी ओरडला नव्हता.

आई जाळीच्या दारात उभी होती. आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला.

"अगं, हे उभे असतील तिथे. दुसरं कोण?"

खरं सांगू? मलाही बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्यानंतर दर रविवारी तो सेन्सर वाजायचा आणि मी काच खाली करून म्हणायची, "बाबा, सरा जरा, पायावर चाक जाईल." आई दारातून म्हणायची, "अहो, उन्हात किती वेळ उभं राहायचं? आत या ना."

दर रविवारी. न चुकता.

आईचं हे वाक्य लक्षात ठेवा.

मग एका सकाळी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजारणीला कळेपर्यंत बराच वेळ ती तशीच फरशीवर होती. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. मी तिला म्हटलं, "बास झालं एकटीनं राहणं. माझ्याकडे चल."

"आणि ह्यांना दारात उभं ठेवू होय? तू पण कमाल करतेस."

ती चेष्टा करत नव्हती.

माझं हसू तिथेच आटलं. म्हणजे एका बिघडलेल्या सेन्सरपायी माझी आई त्या घरात एकटी पडून राहणार! माझंच चुकलं होतं, मीच त्या खेळात टाळ्या वाजवल्या होत्या. मी तिला म्हटलं, "सेन्सर नवीन बसवते. आवाज बंद झाला तर येशील?"

आईने जाळीच्या दाराकडे पाहिलं.

"बंद झाला तर बघू," म्हणाली.

मामेभावाला आम्ही फ्यूज म्हणतो. लहानपणी त्याने तारेचा तुकडा घालून अख्ख्या घराची वीज घालवली होती, तेव्हापासूनचं नाव. आता गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि करतोही झकास. नवा संच घेऊन रविवारी दुपारी तो हजर झाला. आई म्हणाली, "ह्यांच्या गाडीला हात लावतोयस, जपून. नाहीतर माकडाच्या हाती कोलीत."

"आत्या, तू निवांत झोप. उठशील तेव्हा गाडी गाणं म्हणत असेल."

आई आत गेली. फ्यूजने बंपरचे स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या आणि बंपर गाडीमागेच जुन्या चादरीवर उभा ठेवला, तोंड पायरीकडे. पण नवा संच लगेच जोडला नाही. त्याची पद्धत असते, आधी जुन्याचा रोग शोधायचा. त्याने डावा सेन्सर काढून उजव्या वायरला लावला, उजवा डावीकडे. सेन्सर खराब असेल तर आवाजही त्याच्याबरोबर उजवीकडे जायला हवा.

गेला नाही. डावा कोपराच लाल.

"वायर असेल," तो म्हणाला. वायर बदलली.

डावा कोपराच लाल.

"मग डबा गेला." डिकीतला कंट्रोलचा डबाही काढून नवा लावला. आता सगळंच नवीन होतं. फ्यूजने एकच नवा सेन्सर लांब वायरला जोडून हातात घेतला. "ताई, तू आत बस. चावी चालू, हँडब्रेक वर, गिअर रिव्हर्सला. इंजिन नको. किती मीटर दाखवतोय तो आकडा मोठ्याने वाच."

मी बसले. आरशात तो दिसत होता. सेन्सर त्याने टॉर्चसारखा हातात धरला होता.

भिंतीकडे धरला. "एक पॉइंट पाच," मी ओरडले.

उजवीकडच्या नळाकडे धरला. "दोन."

मग डाव्या कोपऱ्याकडे, छातीच्या उंचीवर.

डिस्प्ले कोरा.

"काही नाही!"

"नक्की?"

"काहीच नाही रे!"

"मग झालं. जुना मालच खराब होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!"

मला हायसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. म्हणजे बाबा नव्हतेच तिथे. कधीच नव्हते.

फ्यूज सेन्सर बसवायला खाली वाकला. त्याचा हात खाली आला…

बीप.

"एक पॉइंट दोन," मी म्हटलं. "जमिनीकडे धरलायस का?"

"नाही. सरळ धरलाय."

त्याने हात वर घेतला. आवाज बंद.

खाली आणला.

बीप… बीप…

पुन्हा वर. बंद. पुन्हा खाली. चालू. अंधारात हाताने भिंत चाचपावी तसा तो हवा चाचपत होता. दरवेळी आवाज त्याच उंचीवर सुरू व्हायचा, त्याच उंचीवर थांबायचा.

"ताई…" त्याचा आवाज बदलला होता. "काका उंच होते ना?"

"तुला माहीत नाही? चौकटीला डोकं लागायचं त्यांचं."

त्याने सेन्सर पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला.

"का रे?"

"हे जे काही आहे ना… हे माझ्या गुडघ्याच्या वर नाहीये."

"मांजर असेल."

"ताई, मी बघतोय तिकडे. समोर मोकळी फरशी आहे."

मग तो सेन्सर तसाच खाली धरून हळूहळू उजवीकडे सरकू लागला. पायरीपासून नळापर्यंत. आवाज थांबला नाही. मघाशी वरून नळाकडे धरला तेव्हा मध्ये काही नव्हतं, आता खालून धरला तर नळ गाठेपर्यंत मध्ये काहीतरी होतंच. नळाच्याही पुढे गेला तेव्हा कुठे डिस्प्ले कोरा झाला.

"आणि मांजर एवढं लांब नसतं," तो म्हणाला.

कुणी म्हणेल मशीन बिघडलं होतं. असेल. पण मी तो आकडा वाचत होते. आरशात मला मोकळी फरशी दिसत होती, आणि डिस्प्ले सांगत होता की तिथे काहीतरी आडवं पसरलेलं आहे.

फ्यूज परत डाव्या कोपऱ्यात आला.

"एक पॉइंट एक," मी वाचलं. "शून्य पॉइंट नऊ… पुढे सरकू नकोस रे."

"मी हललेलो नाही."

शून्य पॉइंट आठ.

"फ्यूज, मागे ये."

शून्य पॉइंट सहा…

शून्य पॉइंट चार…

"चावी काढ, ताई! चावी काढ!"

माझा हात उठेना.

तेवढ्यात जाळीचं दार करकरलं. आई झोपेतून उठून आली होती. आवाज ऐकूनच आली असणार. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर तेच रविवारचं हसू. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायरीकडे पाहून म्हणाली,

"अहो, किती वेळ उभं राहायचं? आत या ना."

मला ओरडायचं होतं. आई, नको. आई, ते बाबा नाहीत. पण बोबडी वळते म्हणतात ना, ते त्या दिवशी कळलं. तोंडातून नुसती हवा आली.

आई वळली आणि आत गेली.

त्या जाळीच्या दाराबद्दल सांगायला हवं. त्याची स्प्रिंग बाबांनी स्वतः बसवली होती, इतकी कडक की माणूस आत जातो न जातो तोच दार टाचेवर आपटतं. आमच्या घरातल्या प्रत्येकाने त्या दाराचा मार खाल्लाय.

आई आत गेली.

दार मिटलं नाही.

बीप थांबला. डिस्प्ले कोरा झाला. फ्यूजच्या हातातला सेन्सर अजून तिकडेच रोखलेला होता.

दार उघडंच…

अजून उघडंच…

वारा नव्हता. शेजारचा पाण्याचा पंप चालू होता, तेवढाच आवाज. दारामागे स्वयंपाकघरातली फरशी दिसत होती, ओट्याचा कोपरा दिसत होता. एक माणूस आत जायला किती वेळ लागतो? हे त्याहून कितीतरी जास्त वेळ चाललं होतं.

मग दार धाडकन आपटलं.

फ्यूजच्या हातून सेन्सर गळून पडला. आम्ही दोघं आत धावलो. पलंगाखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. काही नव्हतं. आई चहाचं आधण ठेवत होती.

"काय शोधताय?"

"स्क्रू," फ्यूज म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

मी त्याला काम पूर्ण करायला लावलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्याने चारही सेन्सर बसवले, बंपर चढवला. मी गाडी फाटकाबाहेर काढली आणि उलटी आत आणली.

एकही बीप नाही. पार पायरीजवळ येईपर्यंत शांत. मग पायरी आली तेव्हा वाजला, जसा वाजायला हवा तसा.

आई दारात होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता.

"बंद झाला ना? होणारच. आत आले ते."

मी चावी फिरवून गाडी बंद केली.

"आता मी कुठे येत नाही हं," ती म्हणाली. "एवढं वर्षभर बोलावलं तेव्हा कुठे आले."

मी अजून तिला सांगितलेलं नाही. काय सांगू? आई आता दोन वेळा नीट जेवते. गुणगुणते. शेजारीण म्हणते, तुझी आई दहा वर्षांनी लहान झाली. तिला कसं सांगू की वर्षभर प्रेमाने हाका मारून तू ज्याला घरात घेतलंस, ते बाबांच्या गुडघ्याला लागणारं काहीतरी होतं?

फ्यूज आता आईकडे येत नाही. फोनवर एकदाच बोलला. "ताई, त्या कोपऱ्यातलं ते माझ्याकडेच सरकत होतं. आत्याने बोलावलं नसतं तर…" आणि फोन ठेवला.

सुरुवातीला आई फोनवर म्हणायची, "पायाशी येऊन बसतात गं. पूर्वी असं कधी नाही बसले."

नंतर म्हणाली, "रात्री पांघरुणात येतात. अंग मात्र गार असतं."

परवा म्हणाली, "आता उशीपर्यंत येतात."

तिच्या आवाजात भीती नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

या शनिवारी मी बॅग भरून तिथेच राहायला जातेय. नवरा म्हणाला, वेडी आहेस. असेन. पण घरात शिरलेल्या त्या गोष्टीसोबत आईला एकटी सोडणार नाही.

आणि एक सांगते, मग थांबते. अजूनही दर रविवारी मी गाडी उलटी आत घेते. काच खाली करते, रेडिओ बंद करते आणि डाव्या कोपऱ्याकडे कान देऊन बसते. पूर्वी सेन्सर वाजू नये म्हणून धडपडत होते. आता वाटतं, एकदा तरी वाजावा.

म्हणजे ते बाहेर आहे, एवढं तरी कळेल.