अजून मृत नाही

तुकडा १

टक्. टक्. टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्.

कोडं असं आहे : जे यंत्र काल गात होतं, ते आज आतून दार ठोठावल्यासारखं टकटक का करतंय? आत कोण अडकलंय?

मी इंदू, वय बारा. ही गोष्ट मी सलग सांगणार नाही. एखादा तुकडा अडला तर तिथे डोकं आपटत बसणार नाही. खूण करून पुढे जाईन आणि शेवटी परत येईन. असं का, ते पाचव्या तुकड्यात कळेल.

तुकडा २

साल २०४८. आमच्या घरात तंबोरे बनतात. आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, आयुष्यभर तेच करत आले.

लोकांना वाटतं की तंबोरा भोपळ्यामुळे गातो. तसं नाही. सगळा खेळ जवारीचा असतो. (जवारी : तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिला कानशीने दिलेला अगदी बारीक उतार.) तो असा हवा, की तारेने पट्टीला जेमतेम शिवावं आणि थरथरावं. उतार किंचित चुकला की तार मुकी होते, नाहीतर माशीसारखी भुणभुणते. हे मोजपट्टीने कळत नाही, कानाने कळतं.

आणि आबांचे दोन्ही कान दोन वर्षांपूर्वी गेले.

पण त्याआधी त्यांनी एक शहाणपण केलं होतं. प्रत्येक तंबोऱ्याची जवारी लावताना त्यांनी आवाज टिपून ठेवला होता. तीनशे चाळीस तंबोरे, तीनशे चाळीस फायली. मध्येमध्ये त्यांचं बोलणं : “आता ऐक. बोलतोय, पण नाकात बोलतोय. अजून दोन हात कानस मार.” आई रोज हे ऐकून शिकते. तिने घडवलेला पहिला तंबोरा तेव्हा भिंतीला टेकून उभा होता. सगळं झालं होतं, फक्त जवारी राहिली होती.

आणि त्यांनी एक वेडेपणाही केला होता. हे सगळं एकाच जुन्या लॅपटॉपमध्ये ठेवलं. दुसरी प्रत नाही. “माझा आवाज परक्याच्या माळ्यावर कशाला ठेवू?” असं म्हणायचे, ऑनलाइन साठवायचं नाव काढलं की.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप टकटक करू लागला.

तुकडा ३

वाचता येत नाही. खूण केली. पुढे.

तुकडा ४

मंगळवारी सकाळी दहाला घंटागाडी आली. गाडीबरोबर सतरा आला. सतरा हा गावातलं बंद पडलेलं यंत्रसामान गोळा करणारा यंत्रमानव. उंचीने दारात वाकावं लागेल एवढा, आवाज मात्र बालवाडीतल्या बाईंसारखा. नेलेली यंत्रं संध्याकाळी सहाला त्याच्या गाडीत चिरडली जातात.

“मृत यंत्र असल्याची नोंद आहे,” तो म्हणाला.

“कुणी केली?”

“लॅपटॉपने स्वतःच. बंद पडण्यापूर्वी.”

“फितूर!” मी लॅपटॉपकडे बघून म्हणाले आणि दारात आडवी उभी राहिले. “देणार नाही.”

“बाळा, यात फिरत्या तबकडीची डिस्क आहे. अशा डिस्का आता संग्रहालयातही चालत नाहीत. तंबोऱ्याचे आवाज हवे असतील, तर बाजारात आठशे प्रकारचे यंत्रातले तंबोरे मिळतात.”

मागून आई म्हणाली, “यंत्रातला तंबोरा खोकत नाही रे. आमचे आबा खोकतात, अन् मग सांगतात कुठं घासायचं.”

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी आलं. “सतरा, मृत म्हणजे काय? तुझ्या नियमात काय लिहिलंय?”

“ज्या यंत्रातून माहिती वाचता येत नाही, ते मृत.”

“येत नाही, हे तू तपासलंस?”

त्याच्या छातीतला पंखा जोरात घुमू लागला.

“तपासलेलं नाही,” तो म्हणाला.

“मग तपास. आत ये. चपला… जाऊ दे, तसाच ये.”

तुकडा ५

मी बटण दाबायला हात पुढे केला. सतराने माझं मनगट धरलं.

“आजवर किती वेळा चालू केलास?”

“वीस. पंचवीस असेल.”

“आता एकदाही नाही. आधी ऐक.”

लॅपटॉप उलटा करून त्याने खालचे स्क्रू काढले आणि पत्त्यांच्या जोडाएवढी चपटी पेटी बाहेर काढली. हीच हार्ड डिस्क. मी विचारलं, “उघडून बघूया आत?”

“नको! आत एक गुळगुळीत तबकडी आहे. ती एका सेकंदात नव्वद फेऱ्या मारते. तिच्यावर एक वाचक-शीर्ष फिरतं. (वाचक-शीर्ष : तबकडीवरच्या चुंबकीय खुणा ओळखणारं सुईच्या टोकाएवढं यंत्र.) ते तबकडीला टेकत नाही, हवेच्या थरावर तरंगतं. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग कर. त्यातल्या एका भागाएवढंच अंतर दोघांत असतं. धुळीचा कण तिथे डोंगरासारखा.”

मी पाटीवर लिहून आबांना दाखवत होते. ते मोठ्याने म्हणाले, “म्हणजे जवारीच की! जेमतेम शिवायचं.”

“उलट आहे, आबा,” सतरा म्हणाला आणि मी ते लिहिलं. “तंबोऱ्यात शिवलं तर सूर निघतो. इथे शिवलं तर ओरखडा पडतो. यंत्र चालू असताना हादरा बसला आणि शीर्ष तबकडीवर आपटलं, की तिथल्या खुणा खरवडल्या जातात. या डिस्कला हादरा बसलेला दिसतो.”

मी पाटी पुसायला लागले. कोरी झाली तरी पुसतच राहिले.

“मग टकटक कशाची?” आईने विचारलं.

“शीर्ष खरवडलेल्या जागी जातं, वाचता येत नाही म्हणून घाबरून माघारी येतं, पुन्हा जातं. ते दार ठोठावत नाही, एकाच बंद दारावर धडका मारतंय. प्रत्येक धडकेत जखम वाढते. म्हणून वारंवार चालू करायचं नाही. दुरुस्तीचा प्रोग्रामही चालवायचा नाही, कारण तो आजारी डिस्कवर नव्याने लिहायला जातो.”

“मग करायचं काय?”

“चांगलं आधी वाचायचं. अडलं की खूण करायची आणि उडी मारून पुढे जायचं. आधी जे वाचतं ते सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मग शिल्लक ताकद अडलेल्या जागांवर खर्चायची.”

कळलं ना आता? मी तेच करतेय.

तुकडा ६

सतराने एक वायर डिस्कला लावली आणि दुसरी एका बिस्किटाएवढ्या नव्या साठवणीला. तिच्यात फिरणारं काहीच नव्हतं. टेबलाऐवजी त्याने डिस्क आबांच्या कापसाच्या गादीवर ठेवली, हलू नये म्हणून.

त्याच्या छातीवर एक नकाशा उमटला. वाचलेली जागा हिरवी, उडी मारलेली लाल. हिरवं हळूहळू पसरत गेलं, पावट्याच्या वेलासारखं. दीड वाजता पहिली फेरी संपली.

“भरलेल्या जागेपैकी एक्क्याण्णव टक्के,” सतरा म्हणाला. “अजून मृत नाही.”

“सांगितलं होतं!” मी ओरडले.

“उरलेले नऊ टक्के कठीण आहेत. बहुतेक जण इथे थांबतात.”

“आम्ही बहुतेक जण नाही,” आई म्हणाली आणि तिने त्याला पाणी विचारलं. सवयीने. मग स्वतःच हसली.

दुसऱ्या फेरीत सतरा लाल जागांवर परत गेला, पण तुकडे अगदी बारीक करून. मोठ्या लाल डागात मध्येमध्ये चांगले कण होते, ते निघाले. त्र्याण्णव. पंचाण्णव. मग टकटक पुन्हा सुरू झाली.

आबांना ती ऐकू येत नव्हती. पण त्यांनी बोटाचं टोक पेटीवर ठेवलं होतं, तंबोऱ्याच्या पोटावर ठेवतात तसं. अचानक म्हणाले, “थांबवा. दमलंय ते.”

“तापमान मर्यादेत आहे,” सतरा म्हणाला. मी ते पाटीवर लिहिलं.

“कापायला लागलंय. मघाशी थरथर सरळ होती, आता लंगडतेय. थांबव म्हणतो ना, डब्या!”

सतराने थांबवलं. पाच सेकंदांनी त्याच्या छातीवर पिवळा दिवा लागला : फिरण्याची गती अस्थिर.

“यांना आधी कसं कळलं?” त्याने मला विचारलं.

“चाळीस वर्षं लाकूड ऐकलंय त्यांनी. कान गेले, बोटं आहेत.”

आम्ही डिस्क तासभर गार होऊ दिली. नंतर सतराने दिशा बदलली. आता पुढून मागे नाही, मागून पुढे. एका बाजूने बंद असलेला रस्ता कधीकधी दुसऱ्या बाजूने थोडा आत जाऊ देतो, असं तो म्हणाला. आणि या वेळी कधी थांबायचं ते तो आबांना विचारत होता. आबा बोट वर करायचे, तो थांबायचा.

पावणेसहा. साडेनव्व्याण्णव टक्के. मग कण्हल्यासारखा एक लांब आवाज आला आणि तबकडी फिरायची थांबली. कायमची.

“आता मृत,” सतरा म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता, किंवा मला तसं वाटलं.

तीनशे सदतीस फायली अख्ख्या होत्या. दोनमध्ये बारीक फटी होत्या. आणि तीनशे चाळिसावी, आबांच्या शेवटच्या जवारीची, मधोमध अकरा सेकंद नुसती खरखर.

दुसरी फेरी : तुकडा ३

आता हा वाचते.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. पटाशा, कानशी, करवती कामाच्या टेबलावर मांडतो. आबांनी लॅपटॉपही मांडला, झेंडूची माळ घालून. त्यात तीनशे चाळिसावी फाईल चालू होती. पूजेला घरात तंबोरा वाजायला हवा ना.

नारळ फोडायचा मान या वर्षी माझा होता. बाहेरच्या दगडावर फोडायचा असतो. मी तो टेबलाच्या लोखंडी कडेवर फोडला. एकदा नाही, तीनदा. लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर. तिसऱ्या फटक्याला तंबोऱ्याचा आवाज मध्येच तुटला.

मी कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस.

त्या मंगळवारी पावणेसहाला मी पाटीवर लिहिलं : “हादरा मी दिला. नारळ.” आणि ती आबांसमोर धरली.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “खोबऱ्याचे कण बटणांत सापडले मला. अन् ‘जोरात हाण, घाबरतेस काय’ असं ओरडलं कोण?”

“तुम्ही,” मी ओठ हलवले.

“मग पाटीवर दोन नावं लिही. अन् तिसरं, दुसरी प्रत न करणाऱ्याचं. तेही माझंच.”

आईने तिचा तंबोरा आडवा घेतला, कानस घेतली, आणि तीनशे चाळिसावी फाईल लावली. आबांचा आवाज : “आता ऐक. अजून…” मग खरखर. अकरा सेकंद. तिने ती परत लावली. परत खरखर. तिसऱ्यांदा खरखर सुरू होताच ती थांबली नाही. घासत गेली. दोन हात. तीन. तार छेडली.

आबांनी भोपळ्यावर हात टेकला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, सतरासुद्धा.

“अजून एक हात,” ते म्हणाले. “हलका.”

आईने कानस फिरवली आणि तार पुन्हा छेडली.

मग आबांनी हात उचललाच नाही, बोटांनी ऐकत राहिले.

तुकडा ७

तीनशे एक्केचाळिसावी फाईल आईच्या आवाजात आहे. आता प्रत्येक फायलीच्या तीन प्रती आहेत. एक घरात. एक नांदेडला मावशीकडे, म्हणजे आमच्या घराला काही झालं तरी ती राहील. तिसरी सतराच्या पोटात. हे त्याच्या नियमात बसत नाही. मी विचारलं तर म्हणाला, “मला कुणी तपासलेलं नाही.”

महिन्यातून एकदा आम्ही तिन्ही प्रती वाजवून बघतो. न तपासलेली प्रत ही प्रत नसते, नुसती समजूत असते.

मी आता असं यंत्र बनवायच्या मागे आहे, जे बोटाने ऐकेल. आजारी यंत्रावर ठेवलं की ते लंगडण्याआधीच सांगेल : थांब. सतरा म्हणतो अवघड आहे. म्हणू दे.

आणि दर मंगळवारी घंटागाडी येते, तेव्हा ती पूर्वीचं गाणं वाजवत नाही. गल्लीभर आबांचा तंबोरा घुमतो. लोक कचऱ्याचा डबा हातात धरून क्षणभर तसेच उभे राहतात. आबा मुद्दाम दारात येतात आणि गाडीच्या पत्र्यावर तळवा ठेवतात.

“इंदू,” काल ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, “सांग त्या डब्याला! तंबोरा माझा आहे, भोंगा भिकार आहे!”